चटणीतले स्थानिक घटक

फॉर्मच्या सहाव्या रकान्यात छापलेलं होतं, ‘किडे, अळ्या किंवा त्यांचे अवशेष आढळले काय?’ आणि माझ्यासमोरच्या बरणीत अर्ध्याहून जास्त वाळवी होती. भाजलेली, मीठ-मिरची लावलेली, लसणाचा वास येणारी. चांगुणाबाई मेंगाळ चुलीपाशी बसून माझ्या पेनाकडे बघत होत्या. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि मी सकाळपासून शिंकत होते.

"काय लिवताय म्याडम?" त्यांनी विचारलं. "हाय म्हून लिवा. हायतच की त्यात. न्हाई लिवलं तर तुमीच खोट्या पडायच्या."

बावीस वर्षांच्या नोकरीत समोरच्या माणसानं दिलेलं इतकं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं. मी अन्न सुरक्षा अधिकारी आहे. बाजारात मला ‘फूडवाल्या मॅडम’ म्हणतात. खवा, पनीर, तेल, दिवाळीची मिठाई, यांचे नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, अहवाल आला की पुढची कारवाई करायची, हे माझं काम. आमच्या धंद्यात दुकानदार आधी म्हणतो, मॅडम, आपल्याकडे तसला माल नसतो. मग म्हणतो, कालच आलाय, अजून पोतं सोडलेलं नाही. मग चहा सांगतो. ‘हायतच की त्यात’ असं कुणी म्हणत नाही.

तर हे प्रकरण असं सुरू झालं. आमच्या जिल्ह्यातल्या अकोले गावात दरवर्षी पावसाळ्यात रानभाज्यांचा महोत्सव भरतो. डोंगरातल्या वाड्यांवरचे बायकांचे बचत गट भाज्या आणतात, शिजवून वाढतात, शहरातली माणसं फोटो काढून खातात. त्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून पुण्याचे एक आहारतज्ज्ञ आले होते. नाव लिहीत नाही. त्यांची एक संस्था आहे आणि सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. त्यांच्या भाषणाचा विषय होता, ‘कीटक: उद्याचं अन्न’. परदेशात रातकिड्यांच्या पिठाची बिस्किटं कशी खपतात, मटणापेक्षा किड्यांत प्रोटीन कसं चांगलं, आपण आपल्या मनातली घाण कशी काढून टाकली पाहिजे, हे त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला म्हणतात.

भाषण झाल्यावर ते उंबरवाडीच्या गटाच्या स्टॉलवर गेले. नाचणीची भाकरी आणि चटणी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. वा, काय चव आहे, यात काय घालता, असं विचारलं. चांगुणाबाईंनी सांगितलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या ईमेलवर तक्रार आली. ‘महोत्सवात विकल्या जाणाऱ्या चटणीत किडे आढळले. बरणीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे. मी शाकाहारी असून मला तीव्र मानसिक धक्का बसला आहे. कडक कारवाई व्हावी.’

आमचे सहायक आयुक्त बोरुडे साहेब सज्जन गृहस्थ आहेत. त्यांना फाइल आवडते, पण बंद झालेली. आमच्या दारावरच्या बोर्डावर तेव्हा अहिल्यानगर आलेलं होतं आणि टेबलावरचा शिक्का अजून अहमदनगरच होता. त्यावर उपाय म्हणून साहेब शिक्का जरा पुसट मारायचे. कोणताही प्रश्न ते असाच सोडवतात.

"मॅडम, तक्रार कोणाची आहे, पाहिलं का?"

"पाहिलं. भाषण कशावर होतं, तेही पाहिलं."

"भाषण आपल्या अखत्यारीत येत नाही. चटणी येते. नमुना घेऊन या."

म्हणून मी उंबरवाडीला आले होते. एसटी राजूरपर्यंत, पुढे जीप, आणि शेवटचा चढ पायी. चढ संपेपर्यंत माझं नाक पूर्ण बंद झालं होतं.

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि आधी चटणी कशी करता ते विचारलं. चांगुणाबाईंनी सविस्तर सांगितलं. वळवाच्या सरी पडून गेल्या की वारुळातून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. वर्षातून चार-पाच दिवसच. संध्याकाळी वारुळाजवळ दिवा लावायचा, खाली पाण्याची परात ठेवायची. पाखरं उजेडाला येतात आणि परातीत पडतात. मग ती गाळायची, तव्यावर कोरडी भाजायची, सुपात पाखडायची. पंख उडून जातात, दाणा राहतो. तो उन्हात वाळवून ठेवला की पावसाळाभर पुरतो. बाळंतिणीला देतात, आजारातून उठलेल्याला देतात. निवडायचं काम फार बारकाईनं करावं लागतं, एक पंख राहिला तरी सासू बोलते.

सांगता सांगता त्या मध्येच उठून बाहेर गेल्या आणि पानांचं एक गुंडाळं घेऊन आल्या. त्यात झाडावरच्या लाल मुंग्या होत्या. त्यांनी त्या फडक्यात घेतल्या, दोन्ही तळव्यांत चोळल्या आणि फडकं माझ्या नाकासमोर धरलं. "वढा."

मी शासकीय कर्मचारी आहे, अन्नाच्या बाजूची. औषधाची शाखा आमच्याच इमारतीत, पण वरच्या मजल्यावर आहे. म्हणजे हा प्रकार माझ्या अखत्यारीबाहेरचा होता, म्हणून मी ओढला. शिरक्याच्या बाटलीत डोकं घातल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी आलं, आणि नाक मोकळं झालं. दहा मिनिटांनी परत बंद झालं, हेही नोंदवते.

आता बरणी. बरणीवरचं लेबल गुळगुळीत, रंगीत. वर ‘डोंगरची चटणी’. खाली हिरवा ठिपका. बाजूला ‘अशक्तपणावर गुणकारी’. आणि घटक: ‘शेंगदाणे, लसूण, मिरची, मीठ, स्थानिक घटक’.

"हे स्थानिक घटक म्हणजे काय?" मी विचारलं.

"वाळवी," त्या म्हणाल्या. "आमी वाळवीची चटनी असंच लिवा म्हनलो हुतो. ट्रेनिंगचे सर म्हनले, शेरातली लोकं दचकत्यात. मंग त्यांनीच छापून आनलं."

ट्रेनिंग कोणाचं, ते मी विचारलं. त्यांनी भिंतीला टांगलेलं सर्टिफिकेट दाखवलं. खाली सही डॉक्टरसाहेबांची होती; ते स्वतः वाडीवर कधी आले नव्हते, ट्रेनिंगचे सर त्यांच्या संस्थेतले. संस्थेनं गटाला ‘मूल्यवर्धन’ शिकवलं होतं. नुसती वाळवी शहरात खपत नाही, म्हणून त्यात शेंगदाण्याचा कूट घालायचा. लेबल संस्थेचं, ठिपका संस्थेचा, शेंगदाण्याचं पोतंसुद्धा संस्थेचं. हिरवा ठिपका का दिला, याचं उत्तर पुढे मला मिळालं. संस्थेनं आधी नाचणीच्या लाडवांसाठी लेबल करून घेतलं होतं. तेच वापरलं, फक्त नाव बदललं.

हे सगळं ऐकताना मला हसू येत होतं. पण चांगुणाबाई हसत नव्हत्या. त्यांचा बचत गटच वाडीच्या शाळेत पोषण आहार शिजवायचा. अकरा वर्षं शाळेतली खिचडी त्यांच्या हातची होती. चटणीची तक्रार कानावर आल्यावर हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, अहवाल येईपर्यंत तुम्ही येऊ नका. गटाचं नोंदणीपत्र एकच. चटणी ‘असुरक्षित’ ठरली की नोंदणी निलंबित होणार आणि शाळेची चूलही जाणार. गंमत अशी की त्या शाळेतली झाडून सगळी पोरं घरी वाळवी खाणारी.

"काम जाईल त्याचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर मी पोरान्ला घान चारली, असं नका लिवू. येवढं बगा."

 हे ऐकून मला माझा शाळेतला डबा आठवला. मी श्रीरामपूरची. वडील रेल्वेत गँगमन होते. चौथीत असताना एकदा आईनं डब्यात चान्या दिल्या होत्या, म्हणजे मांसाचे सुकवलेले तुकडे, तव्यावर परतलेले. शेजारच्या मुलीनं वाकून विचारलं, हे काय गं? मी म्हटलं, सुकवलेली वांगी. त्या दिवसापासून मी डबा भिंतीकडे तोंड करून खाऊ लागले आणि कॉलेज संपेपर्यंत तशीच खात राहिले. आपल्या आईच्या हातच्या जेवणाला आपणच खोटं नाव दिलं, याचा राग मला अजून आहे. मुलीवर नाही, स्वतःवर.

पण नियम नियमाच्या जागी. मी नमुना घेतला. त्याचे चार भाग करतात, चारी सीलबंद. एक प्रयोगशाळेला, बाकीचे राखून ठेवायचे, कुणी अहवालाला आव्हान दिलं तर असावेत म्हणून. चांगुणाबाईंनी चारीवर सही केली. सही सावकाश आणि सुरेख होती. सहावा रकाना मी कोरा ठेवला आणि ‘प्रयोगशाळा अहवालानंतर’ असं लिहून आले. आमच्याकडे कोऱ्या जागेला हे एक बरं नाव आहे.

अहवाल दोन आठवड्यांनी आला. ‘नमुन्यात मोठ्या प्रमाणावर कीटक आढळले. सबब नमुना असुरक्षित.’

मी प्रयोगशाळेत फोन लावला. विश्लेषक ओळखीचे होते, कामानं पिचलेले.

"सर, हा पदार्थच किड्यांचा आहे."

"मॅडम, पदार्थाच्या नावापुढे चटणी लिहिलंय. चटणीत किडे चालत नाहीत."

"पण घटकांत स्थानिक घटक लिहिलंय ना?"

"तो आम्ही शोधला. सापडला नाही. किडेच फार होते."

मी खुर्चीत नीट बसले. त्यांना वाळवी, परात, दिवा, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, तरी मॅडम, रकाना हो-नाहीचा आहे, किडे हौसेनं घातले की आपोआप आले, असं त्यात विचारलेलं नाही. माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी एकच विनंती केली, किडे कोणते आहेत, तेवढं भिंगाखाली बघून कळवा. ते म्हणाले, किडे म्हणजे किडे. मी म्हटलं, भात खाणाऱ्यालाही तांदूळ म्हणजे तांदूळ असं चालत नाही, इंद्रायणी की कोलम ते विचारतोच. हे त्यांना पटलं असावं, कारण ते मावळचे, इंद्रायणीच्या मुलखातले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच थोडी हौस होती.

"मॅडम, दोन जाती आहेत. एक वाळवी. सगळी भाजलेली, स्वच्छ, एक पंख नाही. दुसरे पोरकिडे, धान्यात आणि दाण्यात होतात ते. शेंगदाण्याच्या कुटात आहेत. त्यातला एक तर आत्ता माझ्यासमोर चालतोय."

म्हणजे चटणी खरंच खराब होती. किड्यांच्या चटणीत किडे झाले होते.

मी परत उंबरवाडी गाठली. शेंगदाण्याचं पोतं गटाच्या खोलीत अर्धं शिल्लक होतं. वर संस्थेचं नाव आणि ‘भाजलेले, वापरण्यास तयार’ असा छाप. हात घातला तर बोटांवर भुकटी आली आणि भुकटीतून दोन पोरकिडे बाहेर निघाले. चांगुणाबाईंना मी विचारलं, तुम्हाला हे दिसलं नव्हतं का?

"दिसलं की. पहिल्याच दिशी सांगितलं सरांना, दान्याला किडं लागल्यात म्हून. ते म्हनले, चाळून घ्या, कूट केल्यावर कळत न्हाई. परत भाजू का म्हनलं, तर म्हनले, नको, तेल सुटतं." त्यांनी पोत्याकडे बोट केलं. "आमी आमची वाळवी येक येक निवडली म्याडम. त्यांचं दानं मातुर नुसतं चाळलं. पाव्हन्यांनी दिल्यालं, त्याला कशी नावं ठिवायची?"

मी पोत्याचा नमुना घेतला. तोही रीतसर, चार भागांत. अहवालाला यावेळी उशीर लागला नाही. रकाना हो-नाहीचा होता आणि शेंगदाण्यांच्या बाबतीत कुणाला शंका नव्हती.

आता बोरुडे साहेबांची पंचाईत झाली. फाइल उंबरवाडीला बंद व्हायची होती, ती उलटी फिरून पुण्याच्या दिशेला लागली. त्यांनी डॉक्टरसाहेबांना कल्पना द्यावी म्हणून फोन केला आणि स्पीकर चालू ठेवला, म्हणजे मीही जबाबदार.

"अहो, मी ती तक्रार मागे घेतो," डॉक्टरसाहेब म्हणाले. "माझा गैरसमज झाला. आदिवासी खाद्यसंस्कृतीबद्दल मला नितांत आदर आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तक्रार मागे घेता येते सर. नमुना मागे घेता येत नाही. तो सीलबंद आहे."

 मग डॉक्टरसाहेबांनी विचारलं की त्यांनी भाषणात मांडलेल्या कीटकाहाराचा आणि या प्रकरणाचा काही संबंध जोडला जाणार नाही ना. मी म्हटलं, अजिबात नाही. आमची नोटीस शेंगदाण्यांबद्दल आहे.

खरा पेच पुढे होता. शेंगदाणे वाईट, हे ठरलं. पण वाळवी? ती अन्न आहे की घाण? मी नियमांची पुस्तकं काढून बसले. कोंबडी आहे, मासे आहेत, खेकडे आहेत. वाळवीला कुणी परवानगी दिलेली मला दिसली नाही, आणि अन्नात किडे नसावेत हे मात्र ठळक होतं. साहेबांचं म्हणणं पडलं की लेबलवर ‘अशक्तपणावर गुणकारी’ लिहिलंय, म्हणजे हे औषध झालं, फाइल वरच्या मजल्यावर पाठवा. फाइल वर गेली. वरच्या मजल्याने शेरा मारला, ‘यात शेंगदाणे आहेत, सबब अन्न.’ फाइल त्याच दिवशी खाली आली. आमच्या इमारतीत इतक्या वेगानं काही होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी मी टिपणी लिहिली. टिपणी म्हणजे साहेबांनी सही करायच्या आधी खालच्या माणसानं मांडलेलं मत. सही साहेबांची, चूक निघाली तर मत माझं. सहाव्या रकान्यात मी लिहिलं, ‘होय. एक, वाळवी: घटक म्हणून घातलेली, निवडलेली, भाजलेली. दोन, पोरकिडे: संस्थेनं पुरवलेल्या शेंगदाण्यांतून आलेले.’ जागा पुरेना, म्हणून समासात लिहावं लागलं. आणि खाली आणखी एक वाक्य लिहिलं, ‘गटातील महिलांची हाताळणी व स्वच्छता समाधानकारक असून शाळेतील पोषण आहाराशी या तक्रारीचा संबंध नाही.’ हे वाक्य लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांत आपणहून लिहिलेलं माझं हे पहिलंच वाक्य.

साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. "मॅडम, ‘समाधानकारक’ जरा जास्त होत नाही ना?"

"कमी होतंय सर. आपल्या कँटीनला आपण ‘उत्तम’ दिलंय."

साहेबांनी सही केली. शिक्का नेहमीसारखा पुसटच मारला.

निकाल असा लागला. संस्थेला शेंगदाण्यांबद्दल आणि खोट्या लेबलबद्दल नोटीस गेली. गटाला सुधारणा नोटीस मिळाली, म्हणजे शिक्षा नव्हे, काय दुरुस्त करायचं त्याची यादी: दाणे पारखून घ्या, लेबलवर खरं ते लिहा. वाळवी विकता येते की नाही, याबद्दल वर मार्गदर्शन मागवलं. ते अजून आलेलं नाही. तोवर बरण्यांची विक्री बंद. चांगुणाबाई शाळेत परत रुजू झाल्या. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना खिचडी आधी स्वतः चाखून दाखवायला सांगितली. त्यांनी चाखली आणि मग पळी हेडमास्तरांपुढे धरली, आता तुमी. हे त्यांनीच मला सांगितलं.

बरण्या बंद झाल्याचं मला वाईट वाटलं. त्यांना वाटलेलं दिसलं नाही. त्या म्हणाल्या, आमाला इकायची कुठं हुती, सरच म्हनले इका म्हून.

केस बंद झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्या नातीला डॉक्टरला दाखवायला नगरला आल्या होत्या. वाट वाकडी करून ऑफिसात आल्या. पिशवीतून पळसाच्या पानाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. चालू प्रकरणात भेट घेता येत नाही, पण हे प्रकरण बंद होतं. मी पुडी घेतली.

दुपारी जेवायला आम्ही सगळे एका लांब टेबलाशी बसतो. मी पुडी मध्यभागी उघडून ठेवली. कुणीतरी वाकून विचारलं, हे काय हो मॅडम? माझ्या तोंडाशी काय आलं असेल, ते तुम्ही ओळखलं असेल. चाळीस वर्षांत सवय जात नाही. पण मी म्हटलं, "वाळवी. चांगुणाबाईंनी दिली."

दोन खुर्च्या मागे सरकल्या. एका डब्याला पटकन झाकण बसलं. मी भाकरीच्या तुकड्यावर चिमूटभर घेऊन खाल्ली. खरपूस होती, खोबऱ्याच्या अंगानं जाणारी.

बोरुडे साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, दोन बोटांत थोडी उचलली आणि तोंडाशी नेऊन थांबले.

"यात शेंगदाणे नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळते. अन्नात किडा सापडला, अशी तक्रार आली की आधी किड्याला बघत नाही, पोतं कुणाचं ते बघते.